बटू दीर्घिका आणि दीर्घिका समूहांची जडणघडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटू दीर्घिका कशाला म्हणायचे?

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वस्ती. जिच्यात तारे कमी ती बटू दीर्घिका, इतकी साधी व्याख्या पुरते. आपल्या आकाशगंगेत शंभर ते चारशे अब्ज तारे असावेत. बटू दीर्घिकेत हा आकडा काही अब्जांपासून सुरू होतो आणि खाली उतरत उतरत हजारांच्या घरात येतो. रेषा नेमकी कुठे ओढायची यावर एकमत नाही. आकाशगंगेच्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघ या दीर्घिकेला काही खगोलशास्त्रज्ञ बटूंमध्ये धरतात, काही धरत नाहीत. या वादात फार शिरण्यासारखे काही नाही, कारण लहान आणि मोठ्या दीर्घिकांच्या मध्ये निसर्गाने कुठेही ठळक पायरी ठेवलेली नाही.

संख्येच्या हिशेबात मात्र विश्वात याच दीर्घिकांचे बहुमत आहे. फोटोंमध्ये झळकणाऱ्या देखण्या सर्पिल दीर्घिका अल्पमतात आहेत.

हजारभर ताऱ्यांचा पुंजका असेल तर त्याला तारकागुच्छ का म्हणत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. काही मंद पुंजक्यांबाबत त्याचे उत्तर आजही ठरलेले नाही. दोन कसोट्या लावतात.

पहिली कसोटी कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाची. १९८३ मध्ये मार्क आरॉनसन यांनी कालेय तारकासमूहातल्या बटू दीर्घिकेतल्या अवघ्या तीन ताऱ्यांचे वेग मोजले. त्या वेगांत इतकी तफावत निघाली, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने ते एकत्र राहणेच शक्य नव्हते. म्हणजे तिथे न दिसणारे बरेच वस्तुमान असले पाहिजे. तीन ताऱ्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे तेव्हा अनेकांना धाडसाचे वाटले, पण पुढे शेकडो ताऱ्यांचे वेग मोजल्यावरही तो टिकला. सेग्यू १ ही बटू दीर्घिका तर सगळी मिळून जेमतेम तीनशे सूर्यांएवढा प्रकाश देते, आणि तिचे वस्तुमान त्या प्रकाशाच्या मानाने हजारो पटींनी जास्त भरते. साध्या तारकागुच्छांमध्ये असे कृष्णद्रव्य आढळत नाही.

दुसरी कसोटी ताऱ्यांच्या रसायनाची. गोलाकार तारकागुच्छातल्या बहुतेक ताऱ्यांमध्ये लोहाचे प्रमाण जवळपास सारखे असते, कारण ते एकाच ढगातून साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात. बटू दीर्घिकेत ताऱ्यांच्या पिढ्या असतात. आधीच्या पिढीतल्या सुपरनोव्हांनी, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांनी, तयार केलेली जड मूलद्रव्ये नंतरच्या ताऱ्यांत उतरतात, म्हणून लोहाचे प्रमाण ताऱ्यागणिक बदलते. ही राख धरून ठेवायला पुरेसे गुरुत्वाकर्षण लागते, म्हणजे फिरून कृष्णद्रव्यच.

त्यांचे प्रकार किती?

ढोबळमानाने दोन. वायू असलेल्या आणि वायू संपलेल्या. पहिल्या गटात अनियमित आकाराच्या, निळसर, तारे घडवत असलेल्या दीर्घिका येतात. दुसऱ्या गटात गोलसर किंवा लंबवर्तुळाकार, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या लालसर दीर्घिका येतात. शिवाय ताऱ्यांची निर्मिती जोरात चाललेल्या निळ्या, आटोपशीर दीर्घिका आहेत. त्यांतली आय झ्विकी १८ प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या वायूत ऑक्सिजनचे प्रमाण सूर्याच्या काही टक्केच आहे, त्यामुळे विश्वाच्या बालपणातल्या वायूचा अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते. २०१५ पासून अतिविरळ दीर्घिका हाही वर्ग चर्चेत आला आहे. पसारा आकाशगंगेएवढा, तारे मात्र शंभरपटीने किंवा त्याहूनही कमी.

दीर्घिकांचा समूह आणि दीर्घिकांचा गुच्छ यांत फरक काय? नुसता संख्येचा?

संख्येचा आहेच. समूहात पन्नासेक ठळक दीर्घिका असल्या तरी डोक्यावरून पाणी. गुच्छात त्या शेकड्यांनी, हजारांनी मोजाव्या लागतात. पण खरा फरक वेगाचा आहे, आणि समूहांची सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

गुच्छात दीर्घिका सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने एकमेकींजवळून निघून जातात. एकमेकींना धरायला वेळच मिळत नाही. समूहात हाच वेग सेकंदाला शे-तीनशे किलोमीटर असतो, म्हणजे दीर्घिकेच्या आत तारे ज्या वेगाने फिरतात साधारण तितकाच. अशा संथ भेटीत गुरुत्वाकर्षणाला काम करायला भरपूर अवधी मिळतो. ताऱ्यांच्या शेपट्या ओढल्या जातात, कक्षा आवळत जातात आणि शेवटी विलीनीकरण होते. दीर्घिकांचा कायापालट गुच्छांत होतो अशी समजूत बराच काळ होती. त्यातला मोठा हिस्सा गुच्छात शिरण्याआधी, लहान समूहांतच उरकलेला असतो हे आता दिसते आहे.

आपण कोणत्या समूहात आहोत?

स्थानिक समूहात. आकाशगंगा आणि देवयानी या दोन थोरल्या, त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही मधली, आणि बाकीच्या जवळपास सगळ्या बटू. ज्ञात सदस्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे आणि ती वाढतेच आहे. आकाशगंगेभोवतीच साठेक बटू दीर्घिका सापडल्या आहेत.

या समूहाचे वजन काढण्याची एक सुरेख युक्ती १९५९ मध्ये फ्रान्झ कान आणि लोडेवाइक व्होल्त्येर यांनी लढवली. देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येते आहे. महास्फोटानंतर या दोन्ही दीर्घिका विश्वाच्या प्रसरणाबरोबर लांब जात होत्या, हे उघड आहे. मग विश्वाच्या आजवरच्या वयात त्यांना थांबवून उलट फिरवायला किती वस्तुमान लागले असेल? उत्तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट आले. कृष्णद्रव्याचा बोलबाला व्हायच्या बऱ्याच आधीचा हा हिशेब आहे, आणि आजच्या आकडेमोडीतही तो सुधारलेल्या रूपात वापरला जातो.

मोठ्या दीर्घिका बटू दीर्घिका गिळून वाढतात, हे खरे का?

खरे आहे, आणि त्याचे पुरावे आपल्या घरातच आहेत.

१९९४ मध्ये रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिलमोर आणि माइक अर्विन यांना धनू तारकासमूहाच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडे, एक बटू दीर्घिका मोडत असताना सापडली. तिच्यातून ओढून काढलेल्या ताऱ्यांचा प्रवाह आज आकाशगंगेला पूर्ण वेढा घालून गेलेला दिसतो. २०१८ मध्ये ताऱ्यांची स्थाने आणि वेग मोजणाऱ्या गाइया उपग्रहाच्या मोजमापांतून याहून मोठी गोष्ट बाहेर आली. सूर्याच्या आसपासच्या अनेक जुन्या ताऱ्यांच्या कक्षा कमालीच्या लांबट आहेत. ते सारे सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या एकाच दीर्घिकेचे अवशेष आहेत. तिला गाइया-एन्सेलाडस हे नाव मिळाले.

गिळण्यामागची यंत्रणा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्येच मांडली होती. जड वस्तू ताऱ्यांच्या किंवा कृष्णद्रव्याच्या गर्दीतून जाते तेव्हा तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागे दाटी होते आणि ती दाटी तिला मागे खेचते. वस्तू जितकी जड तितकी ओढ जास्त. म्हणून मोठी उपदीर्घिका (थोरल्या दीर्घिकेभोवती फिरणारी दीर्घिका) काही अब्ज वर्षांत आत बुडते, तर अगदी हलकी बटू दीर्घिका विश्वाच्या वयाएवढा काळ बाहेर घिरट्या घालत राहू शकते. आज आपल्याभोवती ज्या लहान बटू दिसतात त्या, हलक्या असल्यामुळेच शिल्लक आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. आकाशगंगा म्हणजे गिळलेल्या बटू दीर्घिकांची बेरीज, असे चित्र अनेकदा रंगवले जाते. ते अतिरंजित आहे. आकाशगंगेच्या चपट्या तबकडीतले बहुतेक तारे तिने स्वतःच्या वायूतून घडवले आहेत. बाहेरून आलेल्या ताऱ्यांचा भरणा प्रामुख्याने तबकडीभोवतीच्या विरळ गोलाकार प्रभामंडलात आहे.

समूहात शिरल्यावर बटू दीर्घिकेचे काय होते?

आधी एक साधे निरीक्षण. आकाशगंगेपासून दहा लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळपास सगळ्या बटू दीर्घिकांमध्ये वायू नाही, आणि त्यापलीकडच्या बहुतेकींमध्ये तो आहे. आतल्या बाजूचे ठळक अपवाद म्हणजे दोन मॅगेलन मेघ. सिंह तारकासमूहातली लिओ टी ही अगदी मंद बटू दीर्घिका तेरा लाखांहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिने आपला वायू सांभाळून ठेवला आहे. इतकी सरळ सीमारेषा खगोलशास्त्रात क्वचित मिळते.

वायू जातो कसा? मोठ्या दीर्घिकेभोवती आणि समूहाच्या मधल्या जागेत विरळ, तापलेला वायू पसरलेला असतो. बटू दीर्घिका त्यातून वेगाने जाते तेव्हा समोरून दाब येतो. सुपात धान्य उफणताना भूस उडते आणि दाणे राहतात, तसा तिचा वायू मागे उडून जातो आणि तारे जागच्या जागी राहतात. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये हा दाब गुच्छांसाठी मांडला. बटू दीर्घिकांची पकड मुळातच सैल असल्याने त्यांच्यासाठी समूहातला विरळ वायूही पुरतो.

दुसरे हत्यार भरती-ओहोटीच्या बलाचे. मोठ्या दीर्घिकेजवळून जाताना बटूची जवळची बाजू जास्त आणि लांबची कमी ओढली जाते. आधी बाहेरचे कृष्णद्रव्य सुटते, मग तारे. दर फेरीत थोडे थोडे. आतून फिरणारी अनियमित दीर्घिका अशा काही फेऱ्यांनंतर फिरणे विसरून गोलसर होऊ शकते. आज आपण ज्यांना वेगळे प्रकार मानतो त्यांतले काही एकाच दीर्घिकेच्या आयुष्यातले टप्पे असावेत, ही कल्पना इथून येते.

तिसरा घाव घरचाच असतो. बटू दीर्घिकेत थोडे सुपरनोव्हा एकामागोमाग फुटले तरी त्यांच्या झोताने वायू बाहेर फेकला जातो. एकटी असेल तर तो वायू थंड होऊन परत येतो. समूहात असेल तर बाहेर आलेला वायू वर सांगितलेल्या दाबाला आयताच सापडतो. म्हणून ही तीन कारणे वेगवेगळी मोजून टक्केवारी लावण्याच्या प्रयत्नांबद्दल मी साशंक आहे. ती एकमेकांच्या मदतीने काम करतात.

अतिमंद, म्हणजे अत्यंत फिक्या प्रकाशाच्या, बटूंची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांतल्या अनेकींमध्ये तारे घडणे सुमारे तेरा अब्ज वर्षांपूर्वीच थांबले, म्हणजे आकाशगंगेच्या जवळ येण्याच्या कितीतरी आधी. पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी विश्वातला वायू तापवला, आणि इतका तापलेला वायू धरून ठेवणे या चिमुकल्या दीर्घिकांना जमले नाही. त्यांचे तारे म्हणजे त्या काळाचे शाबूत राहिलेले नमुने आहेत.

‘हरवलेल्या उपदीर्घिका’ सापडल्या का?

१९९९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की संगणकीय प्रतिकृतींनुसार आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याचे शेकडो लहान पुंजके असायला हवेत. तेव्हा माहीत असलेल्या उपदीर्घिका होत्या डझनभर. कृष्णद्रव्याचा सिद्धांतच चुकला का, इथपर्यंत चर्चा गेली.

आज हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे असे म्हणता येईल. एक तर स्लोन या आकाश-सर्वेक्षणाने आणि नंतरच्या सर्वेक्षणांनी अतिमंद बटूंची रांगच लावली. दुसरे म्हणजे लहान पुंजक्यांत तारे घडलेच नाहीत, हे वरच्या अतिनील किरणांच्या कारणाने समजते. खरे तर मूळ तुलनाच थोडी अन्यायाची होती. एका बाजूला पुंजके मोजले आणि दुसऱ्या बाजूला दिवे. दिवा नसलेले पुंजके खरोखर आहेत का, हे मात्र अजून थेट दिसायचे आहे. ताऱ्यांच्या बारीक प्रवाहांत पडलेल्या फटींवरून त्यांचा माग काढायचा प्रयत्न चालू आहे.

मग आता कोणता प्रश्न खरोखर अडलेला आहे?

उपदीर्घिकांच्या मांडणीचा. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९७६ मध्येच लक्षात आणून दिले होते, की आकाशगंगेच्या बटू दीर्घिका चौफेर विखुरलेल्या नाहीत, त्या एका मोठ्या वर्तुळालगत आहेत. २०१३ मध्ये देवयानीच्या २७ उपदीर्घिकांपैकी १५ एका पातळ प्रतलात सापडल्या, आणि त्यांतल्या १३ एकाच दिशेने फिरत असाव्यात असे वेगांवरून दिसले. २०१८ मध्ये नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस ए या दीर्घिकेभोवतीही तसेच आढळले. वेग मोजलेल्या १६ उपदीर्घिकांपैकी १४ एका सुरात.

संगणकीय प्रतिकृतींत अशी शिस्त दुर्मिळ आहे. बटू दीर्घिका कृष्णद्रव्याच्या धाग्यांवरून टोळ्यांनी आल्या असतील, असे एक उत्तर आहे. आकाशगंगेचे प्रतल तात्पुरते आहे, काही दशकोटी वर्षांत विस्कटेल, असे दुसरे. तीन दीर्घिकांभोवती तीनदा योगायोग म्हणून हे सोडून देणे मला पटत नाही. पण यावरून कृष्णद्रव्याचा सिद्धांत मोडीत काढणाऱ्यांचीही घाई होते आहे.

बटू दीर्घिका खरोखर टोळ्यांनी येतात?

मोठ्या मॅगेलन मेघाकडे पाहा. हबल दुर्बिणीने मोजलेला त्याचा वेग सेकंदाला तीनशे किलोमीटरांहून अधिक निघाला. त्यावरून बहुतेक अभ्यासकांना वाटते, की तो आकाशगंगेजवळ पहिल्यांदाच आला आहे. म्हणूनच त्याचा वायू अजून शाबूत आहे. त्याचे वस्तुमान आकाशगंगेच्या दहा ते वीस टक्के असावे, म्हणजे तो नुसता पाहुणा नाही. त्याच्या ओढीने आकाशगंगेचा आतला भाग बाहेरच्या प्रभामंडलाच्या तुलनेत सरकला आहे. येताना त्याने लहान मॅगेलन मेघ आणला, आणि गाइयाच्या मोजमापांनुसार हायड्रस १, होरॉलॉजियम १ यांसारख्या काही अतिमंद बटूसुद्धा. समूहात समूह मिसळतो तो असा.

फक्त बटू दीर्घिकांचे, मोठे कोणीच नसलेले समूहही २०१७ मध्ये सापडले. ते काळाच्या ओघात विलीन होऊन मध्यम आकाराच्या दीर्घिका बनतील.

कृष्णद्रव्य नसलेल्या बटू दीर्घिका असतात का?

२०१८ मध्ये पीटर व्हॅन डोक्कम यांच्या गटाने एनजीसी १०५२-डीएफ२ या अतिविरळ दीर्घिकेबाबत तसा दावा केला, पुढच्या वर्षी डीएफ४ बाबत. अंतरावरून वाद झाला, कारण अंतर कमी धरले तर दावा कोसळतो. हबलच्या नंतरच्या निरीक्षणांनी जास्त अंतराला पुष्टी दिली. दोन बटूंची वेगवान टक्कर होऊन वायू मागे राहिला आणि कृष्णद्रव्य पुढे निघून गेले, अशी एक उपपत्ती आहे.

याखेरीज मोठ्या दीर्घिकांच्या झटापटीत उडालेल्या वायूच्या शेपटीतूनही बटू जन्मतात. त्यांच्यात कृष्णद्रव्य जवळपास नसावे अशीच अपेक्षा आहे. सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या एम ८१ समूहातली होल्मबर्ग ९ अशी मानली जाते.

एवढ्या लहान दीर्घिकेत कृष्णविवर असते का?

काहींमध्ये असते. देवयानीची उपदीर्घिका एम ३२ हिच्या केंद्रात सूर्याच्या सुमारे पंचवीस लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. एम ३२ ही एकेकाळच्या मोठ्या दीर्घिकेचा सोलून उरलेला गाभा असावी असेही मांडले गेले आहे.

सोने-प्लॅटिनमसारख्या मूलद्रव्यांचा बटू दीर्घिकांशी काय संबंध?

रेटिक्युलम २ ही अतिमंद बटू २०१५ मध्ये सापडली. पुढच्याच वर्षी तिच्यातल्या नऊ ताऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा सात ताऱ्यांत युरोपियमसारखी जड मूलद्रव्ये भरपूर निघाली. तिच्यासारख्या इतर बटूंमध्ये ती नावालाच आहेत. म्हणजे ही मूलद्रव्ये प्रत्येक सुपरनोव्हात थोडी थोडी तयार होत नसून एखाद्या विरळ घटनेत एकदम भरपूर होतात. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ही त्यासाठीची आघाडीची उमेदवार. आकाशगंगेत अशा असंख्य घटनांची सरमिसळ झालेली असल्याने हे इतके स्वच्छ कधीच कळले नसते.

समूहाचा शेवट कसा होतो?

दाट समूहांत तो आजच पाहता येतो. एदुआर स्तेफान यांनी १८७७ मध्ये शोधलेले महाश्व तारकासमूहातले पाच दीर्घिकांचे पंचक घ्या. पाचांपैकी एनजीसी ७३२० ही दीर्घिका चार कोटी प्रकाशवर्षांवरची, निव्वळ त्याच दिशेला आलेली. उरलेल्या चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यांतली एक इतक्या वेगाने आत घुसते आहे, की आकाशगंगेहून मोठी आघातलाट उठली आहे.

सगळ्या मोठ्या दीर्घिका विलीन झाल्या की उरते एक अवाढव्य लंबवर्तुळाकार दीर्घिका, भोवती क्ष-किरण देणारा तप्त वायू आणि बटूंचा गराडा. अशा जीवाश्म समूहांचा पहिला नमुना १९९४ मध्ये ओळखला गेला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दीर्घिकेच्या तेजात सहापटीहून अधिक फरक, ही त्यांची खूण. मधल्या आकाराच्या दीर्घिका बुडाल्या आणि हलक्या बटू वाचल्या. चंद्रशेखरांच्या घर्षणाचा हिशेब इथे लख्ख दिसतो.

आपली आणि देवयानीची टक्कर ठरलेली आहे ना?

आता तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. चार-पाच अब्ज वर्षांत टक्कर होणारच, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजमापांतल्या त्रुटी आणि समूहातल्या मध्यम आकाराच्या सदस्यांची ओढ हिशेबात घेतल्यावर पुढच्या दहा अब्ज वर्षांत विलीनीकरणाची शक्यता निम्म्यावर आली. एम ३३ ही शक्यता वाढवते, मोठा मॅगेलन मेघ ती कमी करतो.

नव्या बटू दीर्घिका शोधतात कशा?

जवळच्या अतिमंद बटू दुर्बिणीत धुरकट ठिपक्यासारख्याही दिसत नाहीत. त्या दिशेला ठरावीक रंगाचे आणि तेजाचे तारे अपेक्षेपेक्षा किंचित जास्त आहेत का, हे लाखो ताऱ्यांच्या याद्या चाळून संगणक शोधतो. मग एकेका ताऱ्याचा वेग मोजून ते एकत्र आहेत का हे तपासतात. वायू असलेल्या बटूंसाठी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी उपयोगी पडतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने मंद अनियमित दीर्घिकांचे असे मोठे सर्वेक्षण केले आहे. चिलीतल्या ८.४ मीटर आरशाच्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. आपल्या समूहाबाहेरच्या बटूंचीही मोठी भर तिच्याकडून अपेक्षित आहे.

साध्या दुर्बिणीतून एखादी बटू दीर्घिका दिसेल का?

दक्षिण गोलार्धातून दोन्ही मॅगेलन मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उत्तरेकडून देवयानी दीर्घिका शोधा. तिच्या गाभ्याजवळचा ताऱ्यासारखा, पण कडा पुसट असलेला ठिपका म्हणजे एम ३२. दुसऱ्या बाजूला थोडी लांब एम ११० आहे. तिचे तेज पसरट असल्याने तिला खरोखर काळोखे आकाश लागते. धनू राशीतला एम ५४ हा गोलाकार गुच्छही लहान दुर्बिणीत सापडतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांनी तो १७७८ मध्ये नोंदवला, आणि आकाशगंगेत मोडत चाललेल्या धनूमधल्या बटू दीर्घिकेचा गाभा नेमका तिथेच आहे हे कळायला १९९४ उजाडावे लागले.